जिंकत आणलेला डाव

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बुद्धिबळाची खुली रेटिंग स्पर्धा (जिच्या निकालांवर खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, बदलतं) भरली की पहिल्या फेरीचं चित्र साधारण ठरलेलं असतं. शाळेचं सभागृह नाहीतर मंगल कार्यालय, रांगेनं मांडलेली टेबलं, स्टेजच्या बाजूला वरचे बोर्ड आणि दाराकडे खालचे. स्विस पद्धतीत (कुणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात) पहिल्या फेरीची जोडणी सरळ असते. खेळाडू रेटिंगनुसार लावायचे, यादी मधोमध तोडायची आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याची गाठ खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी घालायची. १८० खेळाडू असतील तर पहिल्या क्रमांकासमोर ९१ वा, दुसऱ्यासमोर ९२ वा. त्यामुळे जवळपास प्रत्येक बोर्डावर रेटिंगचा मोठा फरक असतो, आणि तरीही काही निकाल उलटे लागतातच. हॉल नौपाड्यातला असो की नेरूळचा, बाहेर डबे घेऊन बसलेल्या पालकांमध्ये ‘अमक्यानं तमक्याला पाडलं’ ही बातमी पाच मिनिटांत पोचते. कसं पाडलं, असं विचारलं की एखादी चूक सांगितली जाते: घोडा फुकट गेला, शह दिसला नाही.

माझ्या मते ती चूक हा अशा डावांतला सर्वांत सोपा भाग आहे. वरचढ खेळाडूही चुकतो, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच जास्त चुकतो. अवघड असतात त्या पुढच्या वीस-पंचवीस चाली. कमी रेटिंगवाल्याचे हातात आलेले कितीतरी विजय तिथेच निसटतात, आणि ते कुणाच्या चर्चेत येत नाहीत, कारण निकालाच्या तक्त्यावर तिथे नुसता अर्धा गुण किंवा शून्य दिसतं.

आधी रेटिंग काय सांगतं ते नीट पाहू. ही पद्धत आर्पाड एलो यांची. मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. अमेरिकेच्या संघटनेनं ती १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९७० मध्ये. तिच्या हिशेबात २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून एका डावात ०.७६ गुणाची अपेक्षा असते, ३०० च्या फरकाला ०.८५ आणि ४०० ला ०.९२. यात बरोबऱ्या धरलेल्या असतात. म्हणजे ३०० च्या फरकाचे वीस बोर्ड मांडले तर खालच्या बाजूला मिळून तीन गुण यायलाच हवेत: तीन विजय, किंवा दोन विजय आणि दोन बरोबऱ्या. तीन गुण आले तर चमत्कार झाला असं कुणी म्हणू नये. एकही आला नाही, तर मात्र विचार करायला हवा.

त्यातून लहान मुलांचं रेटिंग बऱ्याचदा शिळं असतं. फिडेची यादी दर महिन्याच्या एक तारखेला निघते. मे महिन्याच्या सुट्टीत एखादी मुलगी लागोपाठ तीन स्पर्धा खेळली, तरी तिसऱ्या स्पर्धेत तिच्या नावापुढे आकडा असतो तो एक मेचाच. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूंना फिडे ४० चा गुणक लावते (अपेक्षेपेक्षा जेवढा गुण जास्त किंवा कमी मिळाला त्याला या आकड्यानं गुणतात), तो याचसाठी की त्यांचा आकडा त्यांच्या खेळामागे धावत असतो. मोठ्या, नियमित खेळणाऱ्यांना २० आणि एकदा २४०० गाठलेल्यांना १०. १५०० च्या मुलीनं १८०० च्या काकांना हरवलं तर तिला ०.८५ गुणिले ४०, म्हणजे ३४ गुण मिळतात, आणि काकांचे १७ जातात. जाता जाता एक सांगायला हवं: मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० च्या खालची सगळी रेटिंगं एकदाच वर उचलली. २००० पर्यंत जेवढं अंतर, त्याच्या चाळीस टक्के वाढ. त्यामुळे १००० चे १४०० झाले आणि १५०० चे १७००. जुन्या स्पर्धांतले आकडे आजच्या आकड्यांशी ताडताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

जोडणी आदल्या रात्री किंवा फेरीआधी तासभर चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागते. इथे कमी रेटिंगवाल्याकडे एक फायदा असतो आणि तो सहसा वापरला जात नाही. वरच्या बोर्डांवर खेळणाऱ्यांचे डाव डेटाबेसमध्ये सापडतात, खालच्यांचे फारसे नसतात. तुम्ही त्याला पाहू शकता, त्याला तुम्ही दिसत नाही. पण याचा उपयोग रातोरात नवी ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करण्यासाठी करू नये. घोकलेली ओपनिंग दहा चाली टिकते. अकराव्या चालीला समोरचा वेगळं काही खेळला की प्यादी कुठे ढकलायची आणि कुठला उंट ठेवायचा, यातलं काहीच ठाऊक नसतं. आपली नेहमीचीच ओपनिंग खेळावी, आणि त्याच्या डावांत तीन गोष्टी पाहाव्यात: आपल्या पहिल्या चालीला तो काय उत्तर देतो, वजीर लवकर बदलायला तयार असतो का, आणि तिसाव्या चालीच्या आसपास त्याचा खेळ ढासळतो का. ही तिसरी गोष्ट असली तर तो घड्याळात अडकणारा आहे.

रविवारी ट्रान्स हार्बर लोकलमार्गावर मेगाब्लॉक असतो का तेही आदल्या दिवशीच पाहावं. फेरी सुरू झाली की गैरहजर खेळाडूचं घड्याळ चालू असतं, आणि आयोजकांनी जाहीर केलेली मुदत उलटली की डाव न खेळताच हरलेला धरतात. घोडबंदर रोडवर अडकलेल्या रिक्षेत रेटिंगचा उपयोग नसतो.

आता पटावर. कमी रेटिंगच्या खेळाडूच्या दोन चुका ठरलेल्या. पहिली, बरोबरीसाठी खेळणं. फ्रेंच बचावात ई४ ई६, डी४ डी५ झालं (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी पट्टी) की लगेच डी५ वर प्यादं मारून सगळं सारखं करून टाकायचं आणि मग दिसेल तो मोहरा बदलत सुटायचं. वरचढ खेळाडूला हे मनापासून आवडतं. डाव साधा झाला म्हणजे त्याची समज कमी होत नाही. उलट गुंतागुंत गेल्यामुळे त्याला चुकायला वावच उरत नाही, आणि प्रत्येक अदलाबदलीत तो थोडी थोडी चांगली जागा पटकावत जातो. दुसरी चूक याच्या उलट: नाहीतरी हरणारच आहोत, तर घोडा देऊन राजावर तुटून पडू. हा हल्ला बहुतेक वेळा पंधरा चालींत संपतो आणि हातात मोहरे कमी उरतात.

मधला मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. राजा सुरक्षित, मोहरे बाहेर, प्रत्येक प्याद्याला आधार, आणि पटावर अजून भांडायला काहीतरी शिल्लक. समोरच्याला जिंकणं भाग असतं हे विसरू नये. ३०० गुणांच्या फरकाला नुसती बरोबरी झाली तरी त्याचे सात गुण जातात. म्हणून तो सरळ अदलाबदल टाळतो, चांगल्या जागेवरचा घोडा मागे घेतो, राजासमोरची प्यादी जी४, एच४ अशी पुढे ढकलतो. ही लक्षणं दिसली की समजावं, त्याचा धीर सुटायला लागलाय. बाजूनं हल्ला आला की मध्य फोडायचा, हा जुना नियम अशा वेळी फार उपयोगी पडतो. राजासमोरची प्यादी पुढे गेली असताना मध्य उघडला तर उघडा पडतो तो त्याचाच राजा.

घड्याळाचा हिशेब सोबत हवाच. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची वाढ, असं असलं तर साठ चालींच्या डावात प्रत्येकाला दोन तास मिळतात. विसाव्या चालीला घड्याळावर पन्नासेक मिनिटं आणि चाळिसाव्याला वीस तरी असावीत. स्कोअरशीटवर चालीच्या बाजूला दर पाच चालींनी उरलेली वेळ लिहून ठेवली की कुठे वेळ सांडतोय ते दिसतं. तीस सेकंदांची वाढ असताना शेवटच्या पाच मिनिटांतही चाली लिहाव्याच लागतात, आणि चाल खेळण्याआधी लिहून ठेवायला नियमानं बंदी आहे. आधी लिहायची आणि मग पुन्हा पाहायची, ही जुन्या शिक्षकांनी लावलेली सवय आता मोडावी लागते.

कमी ताकदीच्या बाजूनं मोठा मासा कसा गळाला लावावा, हे पाहायला १९८० च्या जानेवारीतला एक डाव अजूनही सर्वांत चांगला. स्वीडनमधलं स्कारा, युरोपियन सांघिक स्पर्धा, पांढऱ्या मोहऱ्यांनी विश्वविजेता अनातोली कार्पोव, काळ्यांनी इंग्लंडचा टोनी माइल्स. कार्पोवच्या ई४ ला माइल्सनं ए६ खेळलं आणि डी४ ला बी५. जगाला या डावातल्या एवढ्या दोनच चाली आठवतात. पण त्यानंतर माइल्सनं केलं ते अगदी साधं होतं: उंट बी७ वर, घोडा एफ६ वर, ई६, सी५. विसाव्या चालीपर्यंत त्याचा राजा कोपऱ्यात होता, उंट एकमेकांना साथ देत होते आणि पटावर भांडण शिल्लक होतं.

तेविसाव्या चालीला कार्पोवनं वजीर डी३ वर आणला. धमकी उघड होती: घोडा एफ६ वर टाकायचा की एच७ वर मात. माइल्सनं सी१ वरचा हत्ती मारून हत्ती बदलले आणि वजिरानं बी२ चं प्यादं उचललं. आता वजिराची नजर एकाच वेळी सी१ च्या हत्तीवर आणि बी१ च्या उंटावर होती, त्यामुळे एफ६ ची धमकी अमलात आणायला कार्पोवला सवडच मिळेना. त्यानं हत्ती ई१ वर घेतला आणि माइल्सच्या वजिरानं ई५ चंही प्यादं मारलं. तिथून तो वजीर एफ६ चं घरही राखत होता. कार्पोवला डी७ चं एक प्यादं परत मिळालं, पण अठ्ठाविसाव्या चालीला वजीर बदलले गेले तेव्हा काळ्याकडे एक प्यादं जास्त होतं आणि दोन उंट होते.

इथून पुढे मी हा डाव सावकाश पाहायला सांगेन. विश्वविजेत्याविरुद्ध एक प्यादं वर, समोर एन्डगेममध्ये (थोडे मोहरे उरल्यावरच्या खेळात) जगात अव्वल मानला जाणारा माणूस, आणि अजून अठरा चाली. माइल्सनं घाई कुठेही केली नाही. हत्ती सी८ वर. मग जी५. राजा जी७ वरून एफ६ वर. उंट ई५ वर. एच स्तंभ उघडला होता, म्हणून हत्ती तिकडे वळवला आणि एच१ वरून शह देऊन एच२ पर्यंत आत शिरवला. मग दुसरा उंट एफ३ वर, हत्ती जी२ वर, ई२ वर अदलाबदल, आणि जी३ चं प्यादं पडलं. शेवटची चाल, सेहेचाळिसावी: उंट सी७. ना शह, ना मार. ए८ वर गेलेल्या हत्तीनं ए५ च्या प्याद्यावर डोळा ठेवला होता, त्या प्याद्याला आधार. कार्पोवनं डाव सोडला. प्रत्येक चालीला आधी समोरच्याला काय हवंय ते काढून घ्यायचं आणि मग आपलं काम करायचं, एवढं एकच सूत्र त्या अठरा चालींत आहे.

आपल्याकडच्या हॉलमध्ये हे कुठे बिघडतं ते सांगतो. समोरच्याची चूक दिसल्याबरोबर हात पटाकडे धावतो. स्पर्श झालेला मोहरा चालवावाच लागतो, आणि पहिली दिसलेली मार नेहमी सर्वांत चांगली नसते. दोन्ही हात मांडीखाली ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात: मारल्यावर त्याच्याकडे कुठला शह आहे, माझा कुठला मोहरा निराधार होतो, आणि हे सापळ्याचं आमिष तर नाही. चाल आपली असताना पंचांच्या परवानगीशिवाय खेळाची जागा सोडता येत नाही, म्हणून पाणी प्यायला, तोंडावर हबके मारायला उठायचं ते चाल करून घड्याळ दाबल्यावरच.

मोहरा किंवा दोन प्यादी वर आलो की मोहरे बदलावेत, प्यादी बदलू नयेत. सगळे हे म्हणून दाखवतात, त्यामागचं कारण मात्र फार थोड्यांना माहीत असतं. शेवटी जिंकायचं ते प्याद्याचा वजीर करूनच, म्हणून प्यादी हवीत. आणि मोहरे कमी झाले की त्याच्याकडे उलटवायला साधनं उरत नाहीत. हरत असलेला तगडा खेळाडू नेमकं उलटं करतो. तो प्यादी बदलत सुटतो, दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांचे उरतील असं पाहतो, वजीर टिकवून सततच्या शहांची वाट बघतो. एच स्तंभातलं प्यादं आणि पांढऱ्या घरांवरून धावणारा उंट एवढंच तुमच्याकडे उरलं आणि त्याचा राजा एच८ ला पोचला, तर डाव बरोबरीत. एच८ काळं घर आहे, तुमचा उंट तिथे कधीच पोचणार नाही. त्याला हे दहा चाली आधी माहीत असतं. तुम्हालाही असायला हवं.

हत्तीचे शेवट सर्वांत जास्त येतात, आणि त्यातलं एक स्थान तरी डोळे मिटून खेळता आलं पाहिजे. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. प्यादं एका घरावर अडलंय, कारण आपलाच राजा वाटेत आहे, त्याला लगेच बाहेर पडायला घर नाही, आणि आधी शह देऊन बाहेर काढला तर उलटे शह सुरू होतील. घाईनं राजा बाहेर काढणारे इथे चालींमागून चाली फुकट घालवतात. बरोबर चाल हत्ती एफ४. काळ्याचा हत्ती एच१ वर थांबला की हत्ती ई४ वरून शह, राजा डी७ ला जातो, आणि मग आपला राजा एफ७ वर. एफ१ वरून शह आला की जी६, जी१ वरून आला की एफ६, पुन्हा एफ१ वरून आला की जी५, आणि जी१ वरून शेवटचा शह आला की आपला हत्ती जी४ वर आडवा. शह संपले. याला ल्युसेनाचा पूल म्हणतात. बचावाच्या बाजूचाही एक नियम माहीत असावा, कारण समोरचा तोच वापरणार आहे: आपला राजा प्याद्याच्या वजीर होण्याच्या घरावर, हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या पट्टीवर. प्यादं त्या पट्टीवर आलं की हत्ती लगेच दुसऱ्या टोकाला पळवून मागून शह. फिलिडोरची ही मांडणी करू द्यायची नसेल तर प्यादं पुढे ढकलण्याआधी राजा पुढे न्यावा लागतो.

आणि मग येतो बरोबरीचा प्रस्ताव. सकाळपासून तुमच्याकडे न पाहणारा १८०० चा खेळाडू पस्तिसाव्या चालीला चाल करतो, हात पुढे करतो आणि हळूच ‘ड्रॉ?’ विचारतो. त्याच्या दृष्टीनं हे अगदी योग्य आहे. हरत असताना अर्धा गुण मागणं यात अनैतिक काही नाही. पण कितीतरी डाव इथे संपतात. मोठा खेळाडू आपल्याला बरोबरी देतोय याचंच अप्रूप वाटतं. उत्तर द्यायची घाई नसते, हे लक्षात ठेवावं. नियमानं प्रस्ताव तोंडी नाकारेपर्यंत किंवा आपण मोहऱ्याला हात लावेपर्यंत उभा राहतो, तोवर आपलं घड्याळ चालू असतं. म्हणजे विचाराला वेळ आपलाच जातो, पण आहे. तेवढ्यात स्वतःला एकच विचारावं: हा प्रस्ताव त्यानं विसाव्या चालीला का दिला नाही? उत्तर बहुधा पटावरच असतं. मुलांच्या बाबतीत तर पालकांनी आणि शिक्षकांनी दोरीपलीकडून चेहऱ्यावर काहीही न दाखवता उभं राहणं हीच मदत. त्यांच्याकडे पाहून ‘हो’ म्हणणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात.

बरोबऱ्यांचं मोल मी कमी लेखत नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकात बाटुमीला गेली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. वाटेत तिनं दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनेरला बाहेर काढलं, आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव आणि पहिला रॅपिड (जलद) डाव बरोबरीत सोडवले. दुसरा रॅपिड काळ्या मोहऱ्यांनी जिंकून ती विश्वचषक घेऊन आली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. या बरोबऱ्या लढून झालेल्या होत्या. जिंकत आणलेल्या पटावर पुढे आलेला हात घेणं हे त्यातलं नव्हे.

डाव संपला की दोघांनी स्कोअरशीटवर सह्या करायच्या, मोहरे जागेवर लावायचे आणि निकाल पंचांकडे द्यायचा. हरलेला खेळाडू बाहेर व्हरांड्यात डाव पाहायला बसतो म्हणाला तर जरूर बसावं. वीस मिनिटांत तो जे सांगेल ते बुद्धिबळाच्या कुठल्याही संगणक-इंजिनाच्या आकड्यात नसतं: कुठल्या चालीला त्याला भीती वाटली, कुठे तो सुटू शकला असता. त्यापेक्षा जास्त वेळ मात्र देऊ नये, कारण दिवसाला दोन फेऱ्या असतात आणि दुसरीत गाठ जिंकलेल्यांशी पडते. पाडणारा खेळाडू दुसऱ्या फेरीत हरतो ते बहुतेक वेळा दमून आणि उपाशी राहून; दोन-तीन तास बसून वरण-भाताचा डबा न उघडता मोबाइलवर शुभेच्छा वाचत बसल्यानं. आधी जेवावं, मग जोडणी पाहावी. सकाळी पांढरे होते तर आता बहुधा काळे येतील, तेव्हा पहिल्यांदा ई४ ला आणि डी४ ला आपलं उत्तर काय, तेवढंच उजळून घ्यावं आणि फेरीच्या दहा मिनिटं आधी बोर्डावर जाऊन बसावं.